वाडीवरचं उन्हाळं

आमच्या महाडकडे उन्हाळे दोन आहेत. एक सगळ्या महाराष्ट्राला असतो तो, शिमग्याबरोबर येणारा. दुसरं जमिनीतून येतं. सावित्रीच्या काठी, सव या गावी, गरम पाण्याचे झरे फुटतात. त्यांना आमच्याकडे 'उन्हाळं' म्हणतात. खरजेचे, संधिवाताचे आणि नवस बोललेले लोक तिथे जाऊन बसतात. ज्यांची खरूज जाते ते गावभर सांगतात आणि ज्यांची जात नाही ते गप्प राहतात, त्यामुळे उन्हाळ्याची ख्याती अबाधित आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते या एका शब्दामुळे झालं. यंत्रात काहीही दोष नव्हता. माझे सासरे मरेपर्यंत हेच म्हणत राहिले, आणि दुर्दैवाने ते खरं होतं.

मामंजींनी उभं आयुष्य मुंबईत बर्फाच्या कारखान्यात काढलं होतं. मासळीवर टाकतात तो बर्फ. निवृत्त होऊन महाडच्या घरी आले तेव्हा नव्वदीचं दशक संपत आलं होतं. त्यांच्या वयाचे पुरुष गीता, होमिओपथी किंवा सुनेचा स्वयंपाक यांपैकी एखादी गोष्ट सुधारायला घेतात. मामंजींनी ओढा घेतला.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. "थंडी नावाची वस्तू जगात नसते. ऊब असते. ती एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी टाकली, की पहिल्या ठिकाणाला लोक थंड म्हणतात." हे ते पंगतीतही सांगत, आणि शेजारच्या पानावरचा माणूस श्रीखंडाकडे बघत मान डोलवी. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून घरात या वाक्याची कायमची श्रोती मी.

ओढा होता वरंधच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीत. तिथून एक बाई आमच्याकडे दूध घालायची. पहाटे डोंगर उतरायची, घाटाच्या रस्त्यावर जीप धरायची आणि शाळेची घंटा व्हायच्या आत महाडला आमच्या दारात असायची. तिचा नवरा गुरांसाठी टहाळ काढताना झाडावरून पडून गेला होता. मागे ती आणि तीन म्हशी. सकाळचं दूध महाडला यायचं. संध्याकाळचं दूध मात्र रात्रभर वाडीत राहायचं आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पहाटेपर्यंत नासायचं. त्याचं तूप करावं, तर वाडीत घरोघर तूपच होतं. म्हणजे म्हशी खायच्या पूर्ण आणि कामाला यायच्या अर्ध्या.

तिचा थोरला दीर वाडीचा कारभारी होता. एकट्या बाईने तीन म्हशी राखणं त्याला बघवत नव्हतं. म्हशी विकाव्यात आणि तिने मुंबईला त्याच्या मुलाकडे जाऊन त्याचं पोर सांभाळावं, असा त्याचा विचार होता. शिमग्यापर्यंत बघतो, असं त्याने चारचौघांत सांगून ठेवलं होतं. या भागात 'बघतो' हा शब्द मुदतीसारखा वापरतात.

"जाशील का गं मुंबईला?" मी एकदा विचारलं.

"मुंबईला काय हाय वयनी? नळ हाय नि भिंत हाय," ती दूध मापत म्हणाली. "म्हशी हितं हायत."

मामंजी आत वर्तमानपत्र वाचत होते. ते बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, वाडीजवळ ओढ्याचं पाणी उंचावरून पडतं का. पडतं म्हणाली, माघापर्यंत पडतं. झालं. त्या दिवसापासून आमच्या पडवीत पाइप यायला लागले.

वाडीला तेव्हा विजेचे खांब आले होते आणि तारा यायच्या होत्या. खांबांना लोक रेडे बांधत. मामंजींनी ओढ्याचं पाणी पाइपातून खाली आणून त्यावर वीज करणारी एक छोटी पाणचक्की बसवली आणि घरोघर एकेक दिवा दिला. इथवर कुणीही केलं असतं. खरी अडचण पुढे होती. ओढा दिवसरात्र सारखा वाहतो, वाडीला वीज हवी असते दिवेलागणीपासून जेवणं होईपर्यंत. बाकीच्या वेळची वीज घालायची कुठे? चक्कीला ओझं नसेल तर ती सुसाट सुटते आणि मोडते. बॅटऱ्या महाग, आणि दोन पावसाळ्यांत मरणाऱ्या.

"वीज साठवूच नये," मामंजी म्हणाले. "ऊब साठवावी."

महाडच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून त्यांनी शीतपेयाच्या बाटल्या गार करायची जुनी पेटी आणली आणि तिचं पोट, म्हणजे आतलं गार करायचं यंत्र, काढून वाडीवर नेलं. दिवे बंद असले की उरलेली वीज त्या यंत्राला मिळायची. यंत्र एका टाकीतल्या पाण्याची ऊब उपसायचं, तिथे बर्फ धरायचा. आणि उपसलेली ऊब दुसऱ्या, चौथऱ्यावरच्या ड्रममधल्या पाण्यात सोडायचं, ते कढत व्हायचं. दोन्हींना भाताच्या तुसाचं जाड अस्तर. संध्याकाळी वाडीचे दिवे लागले की यंत्र थांबायचं, पण बर्फ तर साठलेला. त्यात दुधाच्या किटल्या ठेवल्या की पहाटेपर्यंत दूध जसंच्या तसं. गरम पाण्याला नळ होता. त्याने अंघोळी, भांडी, धारेच्या कासंड्या, काय हवं ते.

अट एकच. गरम पाणी वापरलं पाहिजे. ते संपेल तसं गार पाणी ड्रममध्ये आलं पाहिजे. ड्रम कढतच राहिला तर नवी ऊब टाकायला जागा उरत नाही, आणि यंत्र आपोआप बंद पडतं. मग सगळी वीज ओढ्यात सोडलेल्या एका कॉइलमध्ये जाते, आणि आपण ओढा तापवत बसतो. मामंजींनी हे वाडीला पाच-सहा वेळा समजावलं. वाडीने मान डोलवली. पंगतीतल्या लोकांनी डोलवली होती तशीच.

दिवाळी झाल्यावर उद्घाटन ठरलं. यंत्र त्याआधीच चालू झालं होतं, पण आमच्याकडे उद्घाटनाशिवाय चालणाऱ्या वस्तूवर कुणी विश्वास ठेवत नाही.

महाडात एक गृहस्थ नेहमी कशाचे तरी अध्यक्ष असत. कशाचे, ते आता आठवत नाही. तेव्हाही विचारावं लागे. त्यांचं वजन मोठं होतं, दोन्ही अर्थांनी. अर्ध्या चढावर ते बसले. वाडीत आजारी माणसाला खाली न्यायला एक डोली होती, बांबूला बांधलेलं जाड घोंगडं. ती खाली मागवली गेली. चार गड्यांनी अध्यक्षांना उचललं. बाळंतपणात अडलेल्या बाया ज्या डोलीतून खाली गेल्या आणि काही तशाच परत आणल्या गेल्या, त्या डोलीतून अध्यक्ष हार सांभाळत वर आले. वाटेत समोर आलेल्या म्हातारीने सवयीने विचारलं, "कोन गेला रं?"

ते मात्र उत्तम बोलले. नेहमीच बोलत. आदल्याच गणेशोत्सवात त्यांनी अंधश्रद्धेवर व्याख्यान देऊन टाळ्या घेतल्या होत्या. इथे त्यांनी ड्रमच्या नळाखाली ओंजळ धरली, पाणी चटकलं तशी चटकन काढून घेतली आणि म्हणाले, "सवचं उन्हाळं निसर्गानं दिलं. हे उन्हाळं विज्ञानानं दिलं! बंधुभगिनींनो, हे नुसतं पाणी नाही. हे तीर्थ आहे!"

टाळ्या झाल्या. ड्रमला हळदकुंकू लागलं. नारळ चौथऱ्यावर फुटेना म्हणून अध्यक्षांनी तो ड्रमवर आपटला. तिथे पोचा आला. मामंजींच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या मोठ्या सभेत ऊब या विषयावर कुणी पहिल्यांदाच बोललं होतं.

कारभारी पुढच्या रांगेत बसला होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो ऐकत होता.

मार्गशीर्षापर्यंत सगळं सुरळीत होतं. बाई दोन्ही वेळचं दूध घेऊन उतरायची. स्टँडवरच्या हॉटेलवाल्याने तिचं सगळं दूध धरलं. आमच्या दारात किटली ठेवताना ती मुद्दाम माझा हात धरून किटलीला लावायची. "बगा वयनी. दातावर टाकलंत तर दात ठनकंल." ती हसायची फार थोडं, पण त्या महिन्यात हसायची. म्हशींपैकी एक गाभण होती. शिमग्याचं नाव तिने काढेनासं केलं.

मग एक दिवस तिने आणलेलं संध्याकाळचं दूध चुलीवर ठेवताच फाटलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तिने ते आणलंच नाही.

"यंत्र बंद हाय," ती म्हणाली. "पानी काडू देत नायत."

मामंजी आणि मी रविवारी वर गेलो. चौथऱ्याभोवती कुडाचा आडोसा उभा राहिला होता. वर भगवं फडकं. ड्रमवर हाराचा ढीग, नळाला कुलूप. किल्ली कारभाऱ्याच्या करगोट्याला. ड्रम इतका तापला होता की झेंडूची फुलं शिजल्याचा वास येत होता. खाली ओढ्यातल्या कॉइलजवळ पोरंबाळं पाय शेकत बसली होती.

"अरे, हे काय केलंत?" मामंजी म्हणाले. "या पाण्याला उपसा हवा. नाही काढलं तर ऊब जायची कुठे?"

"आमी मनानं काय नाय केला, आबा," कारभारी शांतपणे म्हणाला. "तुमचंच सायेब बोललं, उन्हाळं हाय, तीर्थ हाय. समद्यांसमोर नारल फोडला. आता तीर्थात कासंड्या धुवाच्या? नि ती बी रांडमुंड बाईनं?"

ती तिथेच होती. म्हशीचं शेण उचलत होती. तिने मान वर केली नाही.

"तो बोलण्यातला अलंकार होता," मामंजी म्हणाले.

"मंग? अंगावर घातलेला दागिना परत मागतंय काय कोन?"

बाया हसल्या. मलाही हसू आलं, ते मी आवरलं. एक म्हातारी म्हणाली, "अरं पन अंग धुवाचा नाय, भांडी धुवाची नाय, मंग त्या पान्याचा करायचा काय?"

"बगायचा," कारभारी म्हणाला. "सवला नाय काय जात लोक बगाया?"

"सवला बुडी मारतात रं."

"तू मार. ये, उगडतो झाकान."

पुन्हा हसले सगळे. मी इतकी वर्षं शिकवते, पण एवढ्या थोड्या शब्दांत वर्ग गप्प करणं मला जमलं नाही. त्या वाडीत त्या तीर्थावर कुणाचाही विश्वास नव्हता. कारभाऱ्याचा तर मुळीच नव्हता. पण विश्वास नसताना पाळलेला नियम फार टिकतो. त्याला शंका येत नाही.

मामंजींनी दुसरा उपाय सांगितला. गरम पाण्याला एक पाइप जोडतो, ते सरळ ओढ्यात जाईल. कारभारी म्हणाला, तीर्थ ओढ्यात सोडलं तर खाली गुरं पितील, पाप कुणाला? त्यावर मामंजी दुसरा ड्रम आणतो म्हणाले. "आना की. त्याला बी हार घालू."

निघताना मामंजी चौथऱ्याच्या मागच्या बाजूला गेले, आणि कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात, पुस्तकातला धडा वाचावा तसे, म्हणाले, "तात्त्विकदृष्ट्या, खाली गाळ काढायचं बूच आहे. ते पान्याने फिरवून ड्रम रिकामा केला आणि वरच्या कॉकने ओढ्याचं पाणी घेतलं, तर यंत्र चालू झालंच पाहिजे." बाई शेण थापायची थांबली होती. आम्ही डोंगर उतरल्यावर मामंजींच्या लक्षात आलं की पाना वरच राहिला. विसरला की ठेवला, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही अध्यक्षांकडे गेलो. मामंजींनी उद्घाटनाचा फोटो घरी फ्रेम करून लावला होता, त्यामुळे त्यांना वाटत होतं की ओळख आहे.

"तुम्ही एकदा वर येऊन एवढंच सांगा," मामंजी म्हणाले, "की ते नुसतं गरम पाणी आहे."

"नुसतं?" अध्यक्षांनी चष्मा काढला. "आबासाहेब, मी नुसतं काही बोलत नसतो."

"दूध नासतंय हो तिचं."

"दूध नासतं. लोकांची श्रद्धा नासू नये."

"गणपतीत तुम्ही अंधश्रद्धेवर बोलला होतात," मी म्हटलं.

"ते इथल्यांसाठी होतं, बाई. वरच्यांना ते झेपायचं नाही." मग ते मामंजींकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पायऱ्या बांधायचं मनात आहे. तीर्थ म्हटलं की पायऱ्या मंजूर होतात. यंत्र म्हटलं की चौकशी लागते."

चहा आला. दुधाचा, घट्ट. त्यांच्याकडे दूध फ्रीजमध्ये ठेवत.

त्यानंतर काय झालं, ते मला तिनेच पुढे सांगितलं. एका संध्याकाळी वाडी खालच्या देवळात जमली होती, पायऱ्यांचं बोलायला. तिने धारा काढल्या, किटल्या टाकीत ठेवल्या आणि पाना घेऊन चौथऱ्यामागे गेली. बूच घट्ट होतं. जोर लागावा म्हणून ती अगदी समोर, पाय रोवून उभी राहिली. अनेक दिवस तापलेलं पाणी तिच्या दोन्ही पावलांवर आणि पोटऱ्यांवर आलं. ओरडली असती तर लोक आले असते आणि बूच बंद केलं असतं. म्हणून ओरडली नाही. ड्रम रिकामा होईपर्यंत थांबली. बूच बसवलं. वरचा कॉक उघडून ओढ्याचं पाणी घेतलं. त्यावेळी घरांतले दिवे लागलेले नव्हते, सगळे देवळात होते. म्हणजे वीज मोकळी होती. यंत्राने घर्रर्र केलं. तो आवाज ऐकून ती खाली बसली.

देवळातून परतलेल्या लोकांना पाणंदीत वाफाळता चिखल दिसला आणि मग ती. वाडी म्हणाली, देवीनं दाखवलं. जे तोवर पाळत होते पण मानत नव्हते, ते आता मानायला लागले. कारभारीसुद्धा थोडा घाबरला म्हणतात. आपण रचलेली गोष्ट खरी झाली की माणूस घाबरतोच.

उजाडताच तिला डोलीतून खाली आणलं. अध्यक्षांना वर नेणारेच गडी होते. या खेपेला ओझं हलकं होतं, असं त्यांच्यातला एक म्हणाला. तिला सरकारी दवाखान्यात टाकून कारभारी आमच्या दारात आला. त्याच्या हातात तिची किटली होती. दूध वाया कशाला घालवायचं, म्हणून तो डोलीबरोबर घेऊन उतरला होता.

"भाजली," तो म्हणाला. "दोनी पाय. तीर्थ सोडायला गेली."

मामंजी पुढे झाले. त्यांनी किटलीच्या अंगाला तळवा लावला. मग दुसरा हात. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

"गार आहे," ते म्हणाले. "अगदी गार आहे! बघ, मी म्हणत नव्हतो?"

आणि मग, थोड्या वेळाने, "ती कशी आहे?"

दवाखान्यात तिचे पाय गुडघ्यापर्यंत बांधून, जाळीखाली ठेवले होते. शेजारच्या खाटेवरची बाई तिला विचारत होती, खरंच का गं देवीनं? ती दाराकडे बघत होती. मला बघताच म्हणाली, "दूध?"

"गार होतं," मी म्हटलं.

"फाटला नाय?"

"नाही. चहा केला त्याचा."

तिने डोळे मिटले. "मंग म्हशी ऱ्हातात," ती म्हणाली.

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आमच्या पेशात हे जमतं.

तिच्या पायांना भरून यायला फार वेळ लागला. तोवर म्हशींच्या धारा काढायच्या कुणी, वैरण घालायची कुणी, हे प्रश्न कारभाऱ्याने वाडीपुढे ठेवले आणि वाडीने ते नेहमीप्रमाणे त्याच्यावरच सोपवले. बुचालाही कुलूप बसलं. माघात ओढा आटला, तेव्हा यंत्र तसंही थांबलं. मामंजी म्हणाले, हा दोष धरू नये, हा ऋतू आहे. अध्यक्षांनी एका सभेत वाडीवरच्या उन्हाळ्याला 'जागृत' म्हटलं, आणि पायऱ्या खरोखर झाल्या. पुढे कधीतरी खांबांना ताराही आल्या. ड्रममधलं पाणी आता गारच असतं. लोक त्याला उन्हाळंच म्हणतात, आणि वर गेलेच तर दुरून हात जोडतात.

ती दवाखान्यातून सुटली ती परस्पर मुंबईच्या एसटीत बसली. पायात माझ्या जुन्या सपाता होत्या, जखमेवरच्या पट्ट्यांमुळे त्याच तिला येत होत्या. वर जाऊन ये म्हटलं एकदा, तर म्हणाली, "आता काय हाय वर?"

म्हशी शिमग्याच्या आधीच विकल्या गेल्या होत्या. तिच्या औषधपाण्यासाठी, असं कारभारी सांगायचा. सरकारी दवाखान्यात औषध फुकट होतं. तिन्ही त्याच वाटेने खाली उतरल्या, गाभण होती तीसुद्धा. त्या आपल्या पायांनी उतरल्या. त्यांना डोली लागली नाही.